आकडा कोणत्या दिवसाचा?



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ व्याख्यानमालेचं हे पुष्प गुंफलं जातं, त्यांच्या दवाखान्यात एक सूक्ष्मदर्शक होता, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. तापाचा रुग्ण आला की ते बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढत, लीशमन रंग देत आणि स्वतः डोळा लावून बसत. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझी हयात अशा काचपट्ट्या बघण्यात गेली. म्हणून आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. फ्लू, स्वाइन फ्लू, कोविड अशा श्वसनमार्गाच्या विषाणुजन्य आजारात रक्त काय सांगतं, आणि ते आपण कसं ऐकावं, यावर मी बोलणार आहे.

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रात घरोघरी एकच बोलणं होतं. ‘सीआरपी किती आलं?’ ‘डी-डायमर सातशेच्या वर गेलंय.’ ‘सीटी स्कोअर बारा आहे, बेड मिळेल का?’ ज्यांनी जन्मात कधी रक्ताचा रिपोर्ट उघडून वाचला नव्हता, अशी माणसं मध्यरात्री रिपोर्टचे फोटो पाठवत होती. त्यामागची भीती खरी होती. घरातलं माणूस धाप लागून बसलेलं असताना हातात धरायला काहीतरी हवं असतं, आणि त्या दिवसांत ते काहीतरी म्हणजे आकडा होता. पण अशा प्रत्येक फोटोला मला आधी एक प्रश्न विचारावा लागे: ताप कधी आला, आणि हे रक्त कधी काढलं? रिपोर्टवर नाव असे, वय असे, नमुना घेतल्याची वेळही असे. आजाराचा कितवा दिवस, हे मात्र कुठेच नसे. आणि तो दिवस कळल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

का लावता येत नाही, हे समजण्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. विषाणू आहे की नाही ते नाका-घशातल्या स्वॅबवरून कळतं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर, एलडीएच या तपासण्यांना विषाणू दिसतच नाही. शरीराने विषाणूला जे उत्तर दिलं, ते या तपासण्या मोजतात. तेच उत्तर मलेरियाला मिळू शकतं, पायाच्या जखमेला मिळू शकतं, संधिवाताला मिळू शकतं. शिवाय ते तासातासाला बदलतं.

सीआरपीचा जन्मच पाहा. १९३०, न्यूयॉर्कची रॉकफेलर इन्स्टिट्यूट. ऑस्वाल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या जंतूंवर काम करत होते. जंतूतले निरनिराळे अंश वेगळे काढून ते रुग्णांच्या रक्तद्रवात मिसळून बघायचे. त्यातल्या ‘सी’ नावाच्या अंशाने चमत्कारिक वागणूक दाखवली. आजार ऐन भरात असताना रुग्णाच्या रक्तद्रवात तो टाकला की साका बसे. ताप उतरला, रुग्ण सावरला, की त्याच माणसाच्या रक्तद्रवात काही होत नसे. प्रतिपिंडांचं याच्या नेमकं उलट असतं. ती आजार संपता संपता वाढतात आणि नंतर टिकून राहतात. हा पदार्थ आजाराबरोबर येत होता आणि आजाराबरोबर जात होता. पुढे कळलं की ‘सी’शी प्रतिक्रिया करणारं हे प्रथिन, म्हणजे सीआरपी, यकृतात तयार होतं, आणि ते तयार करण्याचा निरोप मुख्यतः इंटरल्यूकिन-६ हा रेणू नेतो. दाह सुरू झाल्यावर सहाएक तासांत ते वाढू लागतं, दीड-दोन दिवसांत शिखर गाठतं. कारण दूर झालं की सुमारे १९ तासांत निम्मं होतं. यातले थॉमस फ्रान्सिस पुढे इन्फ्लुएन्झाचे मोठे संशोधक झाले. १९४०मध्ये इन्फ्लुएन्झा-बी विषाणू त्यांनी शोधला, आणि साल्क यांच्या पोलिओ लशीची १९५४ची प्रचंड चाचणीही त्यांच्याच देखरेखीखाली झाली. आज गल्लीतल्या लॅबमध्ये तासाभरात होणारी तपासणी त्यांच्या तरुणपणातली आहे.

तर सीआरपी असं भराभर चढणारं, भराभर उतरणारं. पुणेकरांना जुलै-ऑगस्टमध्ये खडकवासला धरणाच्या विसर्गाचा आकडा वाचायची सवय असते. नदीकाठी राहणारा माणूस नुसत्या आकड्यावर थांबत नाही, सकाळी किती होता आणि आता किती झाला हे तो बघतो. सीआरपी तसंच वाचावं लागतं. तिसऱ्या दिवशी ४० आणि पाचव्या दिवशी १५ असणारा रुग्ण आणि पाचव्या दिवशी १५, आठव्या दिवशी ९० असणारा रुग्ण, या दोघांची वाट वेगळी आहे. पाचव्या दिवसाचा कागद मात्र दोघांच्याही हातात १५चाच आहे.

आता पांढऱ्या पेशींकडे येतो. मला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग हाच आहे.

१९१८ साली मुंबईत जूनमध्ये इन्फ्लुएन्झा शिरला आणि सप्टेंबरनंतर त्याने देशभर कहर केला. आपल्याकडे जुनी माणसं तिला मानमोडीची साथ म्हणत. तेव्हा या रोगाचा विषाणू कोणी पाहिलेला नव्हता. तो माणसापासून वेगळा करायला १९३३ उजाडलं. अनेक डॉक्टर फायफरच्या जंतूलाच कारण समजत होते. पण त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक होता आणि पेशी मोजायची कोरीव काच होती. जंतूंच्या न्यूमोनियात पांढऱ्या पेशी वाढतात, हे त्यांना पाठ होतं. इथे रुग्ण निळा पडतोय, छाती भरली आहे, आणि पांढऱ्या पेशी मात्र वाढण्याऐवजी कमी. जगभरच्या डॉक्टरांनी ते टिपून ठेवलं. कारण माहीत नसताना रक्ताने दिलेली ती खूण होती, आणि ती बरोबर होती.

शंभर वर्षांनी वुहानच्या पहिल्या ४१ रुग्णांचा अहवाल जानेवारी २०२०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यातल्या ६३ टक्के रुग्णांत लिम्फोसाइट पेशी दर मायक्रोलिटरला १०००च्या खाली होत्या. निरोगी प्रौढात त्या साधारण १००० ते ४०००च्या दरम्यान असतात. काचपट्टीवर आम्हालाही तेच दिसत होतं. लिम्फोसाइट विरळ, न्यूट्रोफिलची गर्दी, आणि इओसिनोफिल, म्हणजे एरवी ॲलर्जीत वाढणारी ती नारिंगी दाण्यांची देखणी पेशी, शोधून सापडत नसे. रुग्ण सुधारू लागला की इओसिनोफिल पुन्हा हजर व्हायचे. तो पहिला नारिंगी दाणा दिसला की मला फार बरं वाटे.

पण लिम्फोसाइट गेले कुठे? शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी जेमतेम दोन टक्के कोणत्याही क्षणी रक्तात असतात. बाकीचे लसिकाग्रंथींत, प्लीहेत, अस्थिमज्जेत, आतड्याच्या अस्तरात. म्हणजे आपण सुईने काढतो तो नमुना रस्त्यावरच्या माणसांचा आहे, घरातल्या माणसांचा नाही. विषाणू फुप्फुसात असला की काही लिम्फोसाइट तिकडे जातात, काही ग्रंथींत जाऊन बसतात, काही मरतात. शरीर ताणात असलं की त्याचं स्वतःचं कॉर्टिसॉलही त्यांना रक्तातून बाजूला करतं. साध्या फ्लूतसुद्धा पहिल्या दोन-तीन दिवसांत लिम्फोसाइट उतरतात आणि आठवडाभरात परततात. म्हणून दुसऱ्या दिवशी लिम्फोसाइट ९०० दिसले म्हणून घाबरू नये. दहाव्या दिवशीही ते ५००वरच असतील, न्यूट्रोफिल चढत असतील, तर झोप उडायला हवी. आणि हे सगळं सीबीसीत मिळतं, सगळ्यात स्वस्त तपासणीत. न्यूट्रोफिलच्या टक्क्यांना लिम्फोसाइटच्या टक्क्यांनी भागलं की जे गुणोत्तर येतं, ते कोविडच्या काळात अनेक रुग्णालयांत वापरलं गेलं. भागाकार कागदाच्या कोपऱ्यावर करता येतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात याच सीबीसीवर आणखी एक निवाडा करावा लागतो. तोच ताप डेंग्यूचाही असू शकतो. डेंग्यूत प्लेटलेट झपाट्याने कोसळतात आणि रक्त दाट होतं, म्हणजे हिमॅटोक्रिट वाढतं. फ्लूत प्लेटलेट सहसा इतके खाली जात नाहीत. एकच नळी रक्त, पण नीट वाचलं तर दोन रस्ते वेगळे होतात.

डी-डायमरबद्दल थोडं रागाने बोलणार आहे. रक्तात गुठळी होते आणि शरीर ती विरघळवतं, तेव्हा उरणाऱ्या तुकड्यांना हे नाव आहे. कोविडमध्ये फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात हे लक्षात आलं, आणि वुहानच्या १९१ रुग्णांच्या मार्च २०२०च्या अभ्यासात दाखल होताना डी-डायमर एक मायक्रोग्रॅमच्या वर असणाऱ्यांत मृत्यूचा धोका बराच जास्त दिसला. इथवर ठीक. पण डी-डायमर मोजायची एककं दोन आहेत, एफईयू आणि डीडीयू, आणि एकातला आकडा दुसऱ्यातल्यापेक्षा सुमारे दुप्पट येतो. त्यात कोणी नॅनोग्रॅममध्ये देतो, कोणी मायक्रोग्रॅममध्ये. एकाच रुग्णाने सोमवारी एका लॅबमध्ये आणि बुधवारी दुसऱ्या लॅबमध्ये तपासणी केली, तर काहीही न घडता आकडा दुप्पट किंवा निम्मा झालेला दिसू शकतो. सीआरपीचंही तसंच: काही ठिकाणी लिटरला मिलिग्रॅम, काही ठिकाणी डेसिलिटरला, म्हणजे दहापटीचा फरक. या फरकामुळे लोक रडले आहेत. एकक ठळक छापणं ही लॅबची जबाबदारी आहे, आणि ती पाळायला एक पैसाही लागत नाही. शिवाय डी-डायमर वयाबरोबर वाढतं, गरोदरपणात वाढतं, शस्त्रक्रियेनंतर वाढतं. पन्नाशीपुढे वयाला दहाने गुणून मर्यादा धरण्याची पद्धत आहे, म्हणजे ७५ वर्षांच्या आजींसाठी ५००ऐवजी ७५० एफईयू. आजींच्या रिपोर्टवर मात्र ५००च्या पुढचं सगळं लाल छापलेलं असतं.

नमुना घेण्यातही पुष्कळ बिघडतं. डी-डायमरची निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरायला हवी, त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असं माप आहे. एलडीएच लाल पेशींत भरपूर असतं. घाईने, जोराने रक्त ओढलं आणि पेशी फुटल्या की ते उगाच वाढलेलं येतं. पीपीई किटमध्ये घामाने निथळत, दोन-दोन हातमोजे घालून शीर शोधणाऱ्या आमच्या तंत्रज्ञांनी त्या काळात जे नमुने घेतले, त्यांच्याबद्दल मी कृतज्ञतेशिवाय दुसरं काही बोलू शकत नाही.

आता इंटरल्यूकिन-६. जपानमध्ये ओसाका विद्यापीठात किशिमोतो आणि हिरानो यांच्या गटाने १९८६मध्ये त्याचं जनुक शोधलं. कोविडमध्ये ‘सायटोकाइन स्टॉर्म’ हा शब्द वर्तमानपत्रांतून घरात आला आणि त्याबरोबर ही महाग तपासणी. अशी समजूत झाली की रक्तात इंटरल्यूकिन-६चा पूर येतो आणि माणूस त्यात बुडतो. मोजमाप वेगळं निघालं. २०२०च्याच अखेरीस अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर गंभीर कोविडमधली पातळी वाढलेली होती खरी, पण कॅन्सरच्या कार-टी उपचारानंतर जे खरं वादळ उठतं, त्यात ती याच्या जवळजवळ शंभरपट असते. जंतुसंसर्ग रक्तात पसरतो त्या सेप्सिसमध्येही कितीतरी जास्त. कोविडमधला बराचसा दाह फुप्फुसातच घडत होता. हाताच्या शिरेतल्या रक्तात त्याचा अंशच उतरत होता.

मग या खुणांचा उपयोग झाला का? झाला, आणि तो ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या चाचणीने दाखवला. ऑक्सफर्डचे पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी ती उभारली होती. १६ जून २०२०ला तिचा एक मोठा निष्कर्ष आला. डेक्सामिथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड, रोज सहा मिलिग्रॅम. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतला मृत्युदर ४१.४ टक्क्यांवरून २९.३वर आला. फक्त ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२वरून २३.३वर. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात? साध्या उपचारात १४ टक्के, स्टेरॉइड दिलेल्यांत १७.८. म्हणजे तिथे फायदा नाहीच, काटा उलटीकडे झुकलेला. पुढे टोसिलिझुमॅब हे इंटरल्यूकिन-६चा मार्ग अडवणारं औषध त्याच चाचणीत तपासलं. त्यासाठी रुग्ण निवडताना दोन अटी होत्या: ऑक्सिजन कमी असणं, आणि सीआरपी ७५ किंवा जास्त असणं. मृत्युदर ३५ टक्क्यांवरून ३१वर आला. शेकडा चार माणसं. इथे १९३०च्या त्या प्रथिनाने आपलं काम चोख केलं, कारण त्याला नेमका प्रश्न विचारला होता, आणि श्वासाची स्थिती शेजारी ठेवून विचारला होता.

२०२१च्या वसंतात आपल्याकडे ही ऑक्सिजनची अट सुटली. घरी असलेल्या, ऑक्सिजन ९७ असलेल्या माणसाचं सीआरपी ३०-४० आलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्टेरॉइड सुरू होत होतं. एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे महिन्याच्या सुरुवातीला जाहीरपणे सांगितलं की सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि या रक्ततपासण्या करण्यात अर्थ नाही, त्याने भीती वाढते आणि स्टेरॉइड लवकर दिलं जातं. तोवर बराच उशीर झाला होता. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे, स्टेरॉइडने साखर आणखी चढते, आणि प्रतिकारशक्ती दबते. म्युकरमायकोसिसने किती जणांचा डोळा, किती जणांचा जबडा गेला, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. त्या सगळ्याचं खापर एका तपासणीवर फोडता येणार नाही. पण गरज नसताना काढलेला आकडा अनेकदा त्या साखळीचं पहिलं कडं होता, असं माझं ठाम मत आहे.

घरी असलेल्या त्या माणसाला खरंतर वेगळी खूण पाहायला हवी होती, आणि ती रक्त न काढता दिसत होती. पल्स ऑक्सिमीटर बोटाला लावायचा, सहा मिनिटं घरातल्या घरात चालायचं, पुन्हा पाहायचं. आपल्या सार्वजनिक आरोग्य विभागाने हेच सांगितलं होतं. या यंत्रामागचं तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलं. एप्रिल २०२०मध्ये, त्यांचं यंत्र जगभर घराघरांत पोचत असताना, ते गेले.

विषाणू की जंतू, हा आमच्यासमोर रोज येणारा दुसरा प्रश्न, कारण त्यावर अँटिबायोटिक द्यायचं की नाही ते ठरतं. प्रोकॅल्सिटोनिन जंतुसंसर्गात चढतं आणि विषाणुसंसर्गात बहुधा दबलेलं राहतं. मात्र बहुधा हा शब्द विसरू नये. उलट बाजूची खूण जास्त मनोहर आहे. १९५७मध्ये लंडनला ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर काम करताना इंटरफेरॉन शोधलं: विषाणू लागलेली पेशी जो पदार्थ सोडून शेजारच्या पेशींना सावध करते तो. काही वर्षांनी लिंडेनमान यांना उंदरांची एक जात सापडली, जिला इन्फ्लुएन्झा मारत नव्हता. त्यातून एमएक्स नावाचं जनुक हाती आलं, आणि माणसातल्या त्याच्या भावंडापासून बनणारं एमएक्सए हे प्रथिन इंटरफेरॉनच्या हाकेवर पेशीत वाढतं. ते सीआरपीच्या जोडीने मोजलं तर विषाणूचा ताप आणि जंतूंचा ताप वेगळा ओळखायला मदत होते. पट्टीवर होणारी तशी चाचणी निघाली आहे.

आणि याच इंटरफेरॉनने कोविडमधलं एक मोठं कोडं काही अंशी सोडवलं. तरणाताठा, कसलाही आजार नसलेला माणूस अचानक का कोसळतो? २०२०मध्ये पॅरिस आणि न्यूयॉर्कमधल्या एका संशोधक गटाने ९८७ अतिगंभीर रुग्णांचं रक्त तपासलं. १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. त्यातले ९५ पुरुष होते. लक्षणं नसलेल्या किंवा सौम्य आजाराच्या ६६३ जणांत एकाकडेही ती नव्हती. १२२७ निरोगी लोकांत चौघांकडे होती. म्हणजे ही प्रतिपिंडं आजारामुळे आलेली नव्हती, आधीपासून होती. त्या माणसाच्या पेशींनी शेजाऱ्याला हाक मारली तरी ती मध्येच अडत होती, आणि पहिले चार-पाच दिवस विषाणूला मोकळं रान मिळत होतं. पुढच्या कामात दिसलं की सत्तरीपुढच्या निरोगी लोकांतही सुमारे चार टक्क्यांत ती असतात, आणि कोविडच्या मृत्यूंपैकी सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याशी जोडता येतो. २०२२मध्ये हेच इन्फ्लुएन्झातही सापडलं: अतिगंभीर फ्लू-न्यूमोनिया झालेल्या सत्तरीखालच्या रुग्णांपैकी सुमारे पाच टक्क्यांत.

आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या खुणा आजार सुरू झाल्यावर बोलू लागतात. ही एक आजाराच्या आधीच रक्तात असते. माणूस धडधाकट असताना, साथ नसताना ती शोधता येते. वय वाढलेल्यांची ही तपासणी शहरातल्या मोठ्या लॅबपर्यंत परवडणाऱ्या दरात आली, तर ज्याच्याकडे ही प्रतिपिंडं आहेत त्याला लस आधी द्यायची, त्याला ताप आला की पहिल्याच दिवशी विषाणूरोधक औषध सुरू करायचं, असं ठरवता येईल. आज आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावातल्या लॅबच्या दरपत्रकात ही तपासणी नाही. ती तिथे यावी, यासाठी मी आणि माझे तरुण सहकारी जिथे संधी मिळेल तिथे बोलत आहोत, आणि आज या व्यासपीठावरूनही तेच बोललो.